वच्या पोटातलं बेट

सॉफ्टवेअरला दिवाडी लिहिता येत नाही.
पहिली वेलांटी द-च्या पुढे जाऊन बसते,
चुकीच्या फेरीबोटीत चढलेल्या पाहुण्यासारखी
भलत्याच धक्क्यावर.

म्हणून पिएदादच्या तिठ्यावर गेले,
पप्पांनी एकोणनव्वद साली रंगवलेल्या
सोसायटीच्या पाटीचा फोटो काढला
आणि घरी येऊन ट्रेस केला.
चारशे अकरा बिंदू.
‘स्मूद’ दाबलं तर सदतीस उरतात
आणि ड-ची शेपटी इतकी गुळगुळीत होते
की ती कुणाच्याच हातची वाटत नाही.
अन्डू. अन्डू.
असू देत चारशे अकरा.

रोमाल्दला बोंदेरामासाठी तीस झेंडे हवेत,
तिसावर गावाचं नाव, निळं.
शुक्रवारपर्यंत.

चिकट मॅटवर जाड कार्ड दाबून बसवलं.
ऑगस्टच्या हवेत कार्डही पापडासारखं सादळतं,
कोपरे उचलतं, म्हणून चारी बाजूंना टेप.
दाब पंचवीस, फेऱ्या दोन.
मशीन सुरू झालं की मांजर पलंगाखाली जातं
आणि पप्पा खुर्ची जवळ ओढतात.
बघत नाहीत म्हणतात. बघतात.

कार्ड उचललं.
मॅटवर मागे राहिले तीन तुकडे:
पहिल्या वेलांटीच्या कमानीखालचा एक,
दुसरीच्या खालचा एक,
आणि व-च्या पोटातला, सगळ्यात गोल.
पप्पांनी बोटाने मोजले,
वांशी, चोडण, दिवाडी.
मग एवढंच म्हणाले,
‘धरायला काही ठेवलंच नाहीस.’

ते एक्स-रेच्या फिल्मवर कापायचे.
कुणाच्या मोडक्या मनगटातून
‘येथे सायकली लावू नयेत’,
कुणाच्या धुरकट छातीतून
‘धूम्रपानास सक्त मनाई’.
अक्षराचं पोट सुटू नये म्हणून
मध्ये दोन दोरे राखायचे फिल्मचे, गव्हाएवढे रुंद.
कधी त्या दोऱ्यात कुणाची बरगडी यायची.
त्यांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं.
सॉफ्टवेअरच्या मदत-पानात मला सापडलं:
आतला तुकडा म्हणजे बेट,
त्याला धरणारा तो पूल.

कमानींना एकेक दिला,
व-ला दोन. अडीच मिलिमीटर.

रोमाल्द पहिला झेंडा बघायला आला,
रंग अजून ओला.
व-मध्ये बोट नेलं, न टेकवता.
‘हें मदीं धवें कितें?’
पूल, मी म्हटलं.
आणि म्हणायला नको होतं,
कारण गेल्या ग्रामसभेत
पुलाच्या नावाने खुर्ची उचलली होती ती यानेच.
‘काड तो,’ म्हणाला. ‘आमकां नाका.’
काढला तर बेट गळून पडतं रे.
‘इतलीं वर्सां पडलें?’

त्याला काय सांगणार.
रात्री आई तापाने फणफणत होती तेव्हा
शेवटची फेरी गेलेली होती
आणि मी रायबंदरचे दिवे बघत धक्क्यावर उभी होते.
पण सकाळी याच्याच होडीतून नेलं तिला,
पैसे घेतले नाहीत, विषयही काढला नाही.
मी म्हटलं, बघते.

‘बघते’ म्हणजे काहीच नाही.
मी पूल दोन मिलिमीटरवर आणला,
मग दीडवर. दीडवर कार्ड फाटलं.
पुन्हा अडीच.

गुरुवारी रात्री अंगणातल्या दोरीवर तीस झेंडे,
तीस ठिकाणी व चिरलेला.
पप्पांनी डालड्याच्या डब्यातून
शून्य नंबरचा ब्रश शोधून काढला,
दाताखाली धरून मऊ केला,
निळ्यात टेकवला.
डावा हात उजव्याला मनगटाशी धरून
एकेक पांढरी फट भरत गेले.
सोळाव्याला थांबले, चहा मागितला.
सतराव्यात थोडा ओघळ आला,
तो त्यांनी अंगठ्याने पुसला
आणि अंगठा लेंग्याला.

खाली फेरीबोटीने भोंगा दिला,
जाणारी की येणारी, इथून कळत नाही.
‘दिवा जरा इकडे धर,’ म्हणाले.
तेरा राहिले होते.